चपला घालून या

शनिवारी संध्याकाळी आमच्या गल्लीत पॉलिशचा वास यायचा. तो पगारेताईंच्या ओट्यावरून यायचा. बूट ताईंकडे नव्हतेच. त्या चपलांना पॉलिश करायच्या. जाड काळ्या पट्ट्यांच्या साध्या चपला, वर्तमानपत्र पसरून त्यावर मांडायच्या, जुन्या ब्लाउजच्या चिंधीनं आधी धूळ झटकायच्या, मग डबी उघडायच्या. नळावरून येणारी एखादी बाई हसायचीच.

"ताई, चपलांना कोन पालिश करतं हो?"

"नवऱ्याच्या बुटाला करतीस ना घासून घासून? मग माझ्या पायानं काय घोडं मारलंय?"

मान वर करायच्या नाहीत. चिंधी चालूच.

रविवारी सकाळी त्या चपला घालून ताई कचेरीत जायच्या. कचेरी म्हणजे शहराच्या जुन्या भागातली, एका वेशीच्या दरवाजाच्या आतल्या अंगाची दगडी इमारत. निजामाच्या काळापासून तिथं तहसिलीचं काम चालायचं. ते काम नव्या इमारतीत गेलं, मग बरीच वर्षं तिथं कबुतरं राहिली, आणि पुढं एका संस्थेनं ती दुरुस्त करून तिच्यात चित्रांची प्रदर्शनं भरवायला सुरुवात केली. दारात पाटी होती, 'प्रवेश विनामूल्य'. सगळं शहर तिला कलादालन म्हणायला लागलं. ताई कचेरीच म्हणत राहिल्या.

माझा आणि चित्रांचा काही संबंध नव्हता. मी गोंदियाकडची. सातवीनंतर शाळा सुटली, लग्न झालं आणि पुंडलिकनगरात ताईंच्या शेजारच्या खोलीत येऊन पडले. नवरा वाळूजच्या कंपनीत पाळीवर जायचा, मी घरी बसून साड्यांना फॉल-पिको करायची. मला सगळ्याचीच भीती वाटायची. अजून वाटते. बँकेत काचेमागचा माणूस मान वर करीपर्यंत माझे तळहात ओले होतात. कुठलंही फाटक दिसलं की त्याच्यामागं ओरडणारा माणूस कुठं बसलाय ते मी आधी शोधते.

ताई छावणीतल्या एका दवाखान्यातून आया म्हणून निवृत्त झाल्या होत्या. माझ्या बाळंतपणात माहेरची धानाची कापणी चालू होती, आईला निघता आलं नाही. तेव्हा उशाशी बसल्या त्या पगारेताई. नर्सशी भांडून दुसरी चादर आणली, मी रडायला लागले तर म्हणाल्या, "रड, पन दम राखून रड. अजून लागनाराय." पुढं आयुष्यात कुठंही निभावून नेलं असेल मी, तर ते त्या वाक्यावर.

ताई गोड होत्या असं नाही. दुसऱ्याच्या घरात शिरून भाजीत तिखट कमी आहे म्हणून सांगायच्या. माझ्या 'मले-तुले' बोलण्याची गल्लीभर नक्कल करायच्या. सुनेशी पटत नव्हतं म्हणून एकट्या राहायच्या, आणि त्यात चूक सुनेचीच होती असं मला तरी ठामपणे म्हणता येणार नाही.

मी पहिल्यांदा कचेरीत गेले तेव्हा मुलीला नवऱ्याजवळ ठेवलं होतं. ताईंनी एवढंच सांगितलं होतं, "चित्रं बघायचीत. फुकट हाय." फुकट म्हटल्यावर मला जास्तच धास्ती बसली. पैसे दिले की माणूस जरा ताठ उभा राहतो. फुकटच्या जागेतून कुणीही हाकलून देऊ शकतं.

दगडी पायऱ्या, उंच लाकडी दार, आणि आत काळी-पांढरी फरशी, तोंड दिसेल अशी. माझे पाय उंबरठ्याशी आपोआप थांबले. मी चपला काढल्या, कडेला सरकवल्या, पदर सारखा केला. ताई आत पोचल्या होत्या. त्यांनी वळून माझ्या पायांकडे बघितलं.

"कामून काढल्या?"

"फरशी किती चकचकीत आहे, ताई."

"मग?"

"मले भेव लागते. कोनी ओरडलं तर?"

"कोन वरडंल? रऊफभाई, वरडता का हिच्यावर?"

दाराशी खुर्चीत पांढऱ्या दाढीचे पहारेकरी बसले होते. ते म्हणाले, "नक्को बाबा. मेरी तो घर में भी आवाज नहीं निकलती."

"ऐकलं? घाल. घाल आधी. हे देऊळ नाय, दर्गा नाय, विहार नाय. तितं मी सवता काढते. हितं नाय काढायच्या."

मी रबरी चपलांत पाय सरकवले. फरशीवर त्या चपलांचा जो चटक-चटक आवाज झाला, तो मला सगळ्या शहरानं ऐकल्यासारखा वाटला. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

मग मी जातच राहिले. महिन्यातून एखादा रविवार, कधी दोन. ताईंना चित्रातलं कळायचं का? नाही. त्या स्वतःच तसं म्हणायच्या. "कळत नाय. पन डोळे माझेच हायत ना?" एकेका चित्रापुढं हातातली पिशवी दोन पायांमध्ये ठेवून त्या उभ्या राहायच्या, लोक येऊन पुढं निघून जायचे, ताई तिथंच. मी कंटाळून चुळबुळ केली की म्हणायच्या, "थांब जरा. लेबर वार्डात हेच शिकले मी. घाई करून कुनी भाईर येत नाय." आणि चित्रापुढून हलताना निकाल द्यायच्या. एकदा नुसताच निळा रंग फासलेलं मोठं चित्र होतं. बराच वेळ बघून म्हणाल्या, "ह्याच्याशी घरी कुनी बोलत नसंल." डोक्यावर तीन-तीन हंडे घेतलेल्या बायांचं एक सुंदर चित्र होतं, सगळे जण कौतुक करत होते. ताई म्हणाल्या, "एवढं पानी वाहून ह्या हसत्यात कामून?" चित्रकार आमच्या मागंच उभा होता. तो हसला, पण त्या बायांसारखा नाही.

पिशवीत भाजलेले शेंगदाणे असायचे. ते बाकावर बसून खायचे नाहीत अशी पाटी होती. ताई उभ्यानं खायच्या.

ताईंचा खरा उद्योग मात्र दारात असायचा. माझ्यासारखे खूप यायचे. घाटीच्या सरकारी दवाखान्यात पेशंट दाखल करून वेळ काढायला निघालेले, बाजाराला आलेले, कंपनीतली पोरं. पाटी वाचून आत डोकवायचे, फरशी बघायचे, आणि पाय आपोआप चपलेतून बाहेर. ताई कुठंही असल्या तरी त्यांना ते कळायचं. अनवाणी पावलांचा आवाज येत नाही म्हणून कळतं, म्हणायच्या. लगेच दाराकडं जायच्या. "चपला घालून या हो. घालून या. हितं चालतंय." रऊफभाईंना पण शिकवून ठेवलं होतं. कुणी वाकलं की ते खुर्चीतूनच म्हणायचे, "नक्को उतारो, आपा गुस्सा करती."

एकदा गंगापूरकडचं एक कुटुंब आलं. म्हातारा, म्हातारी आणि सून. तिघांच्या चपला पायरीवर ओळीनं, आणि तिघं आत, भिंतीला अंग चोरून. ताई गेल्या.

"बाबा, चपला घाला."

"ऱ्हाऊ द्या बाई. शेतातली मानसं आमी. फरशी घान व्हईल."

"घान झाली तर पुसायला मानूस ठिवलाय."

"वो माणूस मैंच हूँ, आपा," रऊफभाई दारातून म्हणाले.

सगळे हसले. ताई पण हसल्या. तिथं विषय संपायला हवा होता, पण सोडतील तर त्या ताई कसल्या. "घाला म्हनते ना. उगं गरिबागत उभं ऱ्हाऊ नका."

म्हाताऱ्याचा चेहरा बदलला. "गरीब म्हना का काय बी म्हना. पाय माझे हायत. मला नाय घालायच्या. तुमी कोन सांगनार?"

सुनेनं मुकाट जाऊन आपल्या चपला घातल्या आणि परत आली. म्हातारा तिच्यावर डोळे वटारून बाहेर पडला, चपला पायात सरकवल्या, आणि वरचं दालन न बघताच तिघं निघून गेली. जाताना सून मागं वळून जिन्याकडे बघत होती.

परतीच्या वाटेला लागलो. मीच म्हणाले, "कशाला बोलल्या तुमी? बिचारे किती लांबून आले होते."

"चुकलं," ताई म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेवढ्या एकाच वेळी ऐकला. मग थोडं चालून गेल्यावर म्हणाल्या, "माझा बाप ह्याच कचेरीत यायचा. जमिनीच्या तुकड्याचं काम व्हतं. आता जितं गाड्या लावत्यात ना, तितं लिंबाचं झाड व्हतं. त्याच्या बुडाशी चपला काढायचा. पायरीपाशी नाय, झाडापाशी. तितनं फुफाट्यात अनवानी चालत पायरीपरत. कुनी सांगितलं नव्हतं त्याला. सांगायची गरजच नव्हती."

"आणि तुमी?"

"मी बारकी. चपला राखायला बसवायचा मला. कुत्रं नेईल म्हनून मांडीवर घेऊन बसायचे. एकदा बापाला इचारलं, दादा, सायब कसा बूट घालून बसतो आत? तर मुस्काडीत दिली." आणि हसल्या. "तुकडा बी मिळाला नाय."

त्यानंतर त्या विषयावर त्या कधी बोलल्या नाहीत, आणि दारात लोकांना सांगताना त्यांचा आवाज जरा खाली आला. सांगणं थांबलं नाही.

फोटोवाला आला तो उन्हाळ्याच्या तोंडाला. पुण्याचा होता, तिशीतला, अतिशय नम्र. जुन्या इमारतींचे फोटो काढायचं काम संस्थेनं त्याला दिलंय, असं रऊफभाईंनी सांगितलं. जिन्याच्या मधल्या वळणावर एक खोल खिडकी आहे, तिच्यात माणूस आरामात बसतो. त्या दिवशी ताईंच्या पायांना फार सूज होती. वाताचा त्रास जुनाच, त्यात बस लांब सोडून आम्ही उन्हातून चालत आलो होतो. ताई खिडकीत बसल्या, चपलांचे पट्टे पायात रुतले होते, त्या काढून त्यांनी बाजूला ठेवल्या आणि पाय खालच्या दगडी पायरीवर सोडले. गार दगड. "हाऽऽ," म्हणाल्या. डोळे मिटले.

"आजी, अशाच बसा हं," फोटोवाला खालून म्हणाला.

"आजी कुनाची रे?"

"सॉरी, मावशी. उजेड फार छान आलाय खिडकीतून."

"भिताडाचा काढतोस ना? काढ, काढ. चांगलं हाय भिताड."

तो पायरीवर जवळजवळ आडवा झाला होता. मला वाटलं, दगडाची नक्षी घेत असेल. ताईंनाही तेच वाटलं. नंतर त्यानं आम्हा दोघींना चहा सांगितला, ताईंना हात धरून जिना उतरवला. गल्लीत येऊन ताईंनी सांगितलंसुद्धा, चांगल्या घरचं पोरगं होतं म्हणून.

पावसाळा सरता सरता त्याच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं. आम्ही गेलो तो उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी. खालच्या दालनात, समोरच्या भिंतीवर, दोन माणसं आडवी मावतील एवढा मोठा एकच फोटो होता. काळा-पांढरा. झिजलेली दगडी पायरी आणि तिच्यावर दोन अनवाणी पाय. भेगा, सुजलेले घोटे, साडीचा काठ. डाव्या करंगळीशेजारी भाजल्याची जुनी खूण. दवाखान्यात उकळत्या पाण्याचं भांडं पायावर पडलं होतं, त्याची. ती खूण मी दर शनिवारी ओट्यावर बघत होते.

खाली पट्टीवर लिहिलं होतं, 'श्रद्धा'.

ताई उभ्या राहिल्या. पिशवी पायांमध्ये ठेवली. नेहमीपेक्षा जास्त वेळ नाही, कमीही नाही. शेजारी एक बाई मुलाला सांगत होती, बघ, पूर्वीची माणसं किती भाविक असायची.

"हे माझे पाय हायत," ताई म्हणाल्या.

त्या बाईंना वाटलं, म्हातारी भावनेच्या भरात बोलतेय. "हो ना," त्या म्हणाल्या, "आपल्या सगळ्यांच्याच आईचे पाय वाटतात."

संस्थेच्या मॅडम आणि फोटोवाला दोघंही तिथंच होते. मॅडम हातमागाची साडी नेसायच्या, आवाज इतका हळू की समोरच्यानं आपला आवाज वाढवला की तोच अडाणी ठरायचा. ताईंनी त्यांना सांगितलं. मॅडमचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी ताईंचे हात हातात घेतले.

"खरंच तुम्ही? अहो, काल सगळे याच फोटोपुढं उभे होते. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तुमच्या पायांत अख्खा मराठवाडा दिसतो, ताई."

"मराठवाडा नाय, सूज हाय ती. वाताची."

मॅडम हसल्या. ताई हसल्या नाहीत. "हितं मी कवा चपला काढत नसते. रऊफभाईंना इचारा. आन् तुमी माझंच अनवानी चित्र टांगलं. वर लिवलं श्रद्धा. कशावर श्रद्धा? पायरीवर?"

"चेहरा कुठं दिसतोय पण? कुणाला कळणार?"

"मला कळतंय ना."

मग ताई फोटोवाल्याकडे वळल्या आणि त्यांनी जे मागितलं ते मला आजही फार मोठं मागणं वाटत नाही. "फोटो ऱ्हाऊ दे. ते नाव काढ. नायतर आसं कर, आता काढ दुसरा. त्याच खिडकीत बसते. चपला घालून." आणि त्यांनी पाय पुढं केला. कालच पॉलिश केलेली काळी चप्पल.

त्यानं बघितलं. चांगला मुलगा होता तो, खोटं बोलला नाही. "मावशी, तो फोटो होणार नाही. चपला आल्या की त्यात काही उरतच नाही."

"मीच उरते की," ताई म्हणाल्या.

मॅडम म्हणाल्या की ही कला आहे, तिचा एक वेगळा अर्थ असतो, हा तुमचा सन्मान आहे, आपण बसून बोलू. चहा आला. आम्ही तो प्यायलो नाही.

रागानं माणूस येणं बंद करतो. ताई रोज यायला लागल्या. पुंडलिकनगरातून बस धरून, त्या पायांनी. फोटोशेजारी उभ्या राहायच्या आणि येईल त्याला सांगायच्या, "हे माझे पाय. वातानं सुजले म्हनून चपला काढल्या व्हत्या. श्रद्धा-बिद्धा कायबी नाय." माझं काम आटोपलं की मीही जायची. लोक ऐकून घ्यायचे. काही जण हसायचे, काही जणांना त्यांच्यासोबत फोटो हवा असायचा. एका पोरीनं विचारलं, "काकू, जरा चपला काढता का? म्हणजे शेजारी शेजारी येईल." ताईंनी तिच्याकडे असं बघितलं की तिनं मोबाईल पर्समध्ये टाकला.

आणि मग संस्थेनं तोच फोटो कापडावर छापून बाहेरच्या दारावर लावला, रस्त्यावरून दिसेल असा. शब्द तोच. खाली 'प्रवेश विनामूल्य'.

काय झालं असेल ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. पायरीवर अनवाणी पाय, वर श्रद्धा, पुढं दार. येणारा प्रत्येक माणूस चपला काढायला लागला. आधी बिचकणारेच काढायचे. आता बूटवाले पण काढायला लागले, कॉलेजची पोरं, गाडीतून उतरणारी माणसं, हात जोडून आत येणारी एक म्हातारी तर मी स्वतः बघितली. पायरीवर ढीग. ताई आतला फोटो सोडून दारात आल्या. "घाला हो, घालून या, तो देवाचा फोटो नाय, माझा हाय." लोक एकदा फोटोकडे बघायचे, एकदा ताईंकडे, आणि वळसा घालून आत जायचे. अनवाणी. रऊफभाई एकदा खुर्चीतून उठून म्हणाले, "आपा, मैं किस किस को बोलूं?" त्यांचे डोळे ओले होते.

मॅडमना मात्र ते आवडलं. "आम्ही कुणाला सांगितलं नाही हं," त्या मला म्हणाल्या, "लोक आपणहून काढतात. त्यांना या वास्तूबद्दल काय वाटतं ते दिसतं." फरशीही स्वच्छ राहायला लागली. दिवाळीनंतर पायरीशेजारी चपलांसाठी लोखंडी मांडणी आली. मग पाटी आली, 'पादत्राणे येथे काढावीत'. रऊफभाईंची मुदत संपली म्हणून त्यांना घरी पाठवलं, एजन्सीचा गणवेशातला माणूस आला. तोही कुठल्या तरी खेड्यातलाच. त्याला पाटीवर जे लिहिलंय ते करायचं होतं, नाहीतर त्याची नोकरी जाणार. मला त्याचा राग येत नाही. मी त्याच्या जागी असते तर त्याच्याहून जास्त भिऊन तेच केलं असतं.

त्यानं ताईंना पहिल्या दिवशी अडवलं तेव्हा मी नव्हते. ताईंनी एवढंच सांगितलं, "नाय गेले आत." शनिवारचं पॉलिश चालू राहिलं. कचेरीचं नाव निघालं नाही. थंडीत पाय फारच धरले, मुलगा आला, आणि नांदेडला न्यायचं ठरलं. सुनेशी पटत नसताना. सामान बांधून झालं त्या सकाळी ताई माझ्या दारात आल्या, नीट साडी नेसून. "चल, कचेरीत जाऊ. नवं काय लागलंय बघून ये, सांग मला."

"बघून ये म्हणजे? तुमी?"

"मी येते की पायरीपरत."

आम्ही गेलो. दारावरचा कापडी फोटो उन्हानं फिका पडला होता. शब्द वाचता येत होते. गणवेशवाला ताईंना ओळखत होता, तो उभाच राहिला, भांडणाच्या तयारीनं. ताई त्याच्याकडे न बघता पायरीवर बसल्या, दाराकडे पाठ करून, पाय उन्हात पुढं सोडले.

मी तशीच उभी. त्यांच्या शेजारी बसावं, आत जाऊच नये, असं मनात आलं. त्यांना ते कळलं.

"जा तू."

"मले नाही जायचं, ताई."

"जा म्हनते ना. तू कामून सोडतीस? बघून ये नीट. घाई करू नको."

"आणि चपला?"

ताई गाड्या लावतात त्या बाजूला बघत होत्या. "काढ बाई," म्हणाल्या. "काढ. हितं दे."

मी काढल्या. मांडणीत ठेवायला वाकले तर त्यांनी हात पुढं केला आणि माझ्या हातून घेतल्या.

आत कुणा बाईंची झाडांची चित्रं लागली होती. मी एकेका चित्रापुढं ताईंसारखी उभी राहायचा प्रयत्न केला, पण मला काही दिसेना. फरशी इतकी गार होती की पाय आखडत होते. वर गेले तर जिन्याच्या शेवटी तो फोटो, आता कायमचा, चौकट करून बसवलेला. मी त्या पायांपुढं अनवाणी उभी होते. करंगळीजवळची खूण तशीच. शब्द तोच. एक माणूस माझ्या मागून आला, फोटोला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि पुढं गेला.

उतरताना मी वळणावरच्या खिडकीतून खाली बघितलं. ताई पायरीवर बसलेल्या. काळ्या चपला घातलेले पाय उन्हात. आणि माझ्या निळ्या रबरी चपला, ज्यांचे पट्टे मी एकदा बदलून घेतले होते आणि ज्या कुणी उचलून नेईल अशा नव्हत्याच, त्या ताईंनी मांडीवर घेतल्या होत्या. दोन्ही हात वरून ठेवले होते, हलू नयेत असे. येणारे-जाणारे त्यांच्या बाजूनं वाकून आपापल्या चपला मांडणीत ठेवत होते. ताई कुणालाही काही सांगत नव्हत्या.

मी धावत खाली आले.

"ताई, मांडीवर कशाला घेतल्या?"

"काय लागलंय आत?"

"झाडं."

"चांगली हायत?"

"हो."

"आन् ते?"

"आहे. वर लावलंय."

"नाव?"

"तेच."

ताईंनी मान हलवली. मग वाकल्या, त्यांना त्रास होत होता तरी वाकल्या, आणि माझ्या चपला माझ्या पायांपुढं नीट मांडल्या, एकीच्या शेजारी एक, टोकं रस्त्याकडं करून.

"घाल," म्हणाल्या.